पाणी संपल्यावर



मे महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामातल्या घरोघरी दोन कामे निघतात. एक, कूलरला नवीन ताट्या लावणे. दुसरे, मुलांच्या सुट्टीत कुठे जायचे ते ठरवणे. गेल्या रविवारी मिस्सेनंतर मैदानात उभे राहून आम्ही कान दिला तर कोणी पचमढीला निघाले आहे, कोणी चिखलदऱ्याला, दोन कुटुंबे वेलांकनीला. पुष्कळ जण स्वतःच्या गाडीने जाणार आहेत, आणि सोबत लहान मुले आहेत. म्हणून गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या आमच्या प्रवासाबद्दल लिहावेसे वाटले. खरे तर वर्षभर लिहायचे टाळत होतो.

आम्ही जैसलमेरला गेलो होतो. भर मे महिन्यात वाळवंटात जाणाऱ्यांना लोक वेड्यात काढतात, तसे आम्हालाही काढले. पण आमचा धाकटा भाऊ सीमा सुरक्षा दलात आहे आणि तेव्हा तिकडे होता. त्याला सुट्टी मिळेना, आणि मुलीची शाळा सुरू झाल्यावर तिला नेता येईना. मग भावजय, तिचा भाऊ, चार वर्षांची पुतणी आणि आम्ही असे चौघे निघालो. शेजारच्या धर्मग्रामाच्या फादरांनी मोठ्या मनाने दोन रविवार आपल्या मिस्सा सांभाळल्या. बैतूल, इंदूर, उदयपूर, जोधपूर करत चौदाशे किलोमीटरांच्या आसपासचा तो रस्ता आहे.

नागपूरच्या माणसाला उन्हाचा एक प्रकारचा अभिमान असतो. 23 मे 2013 रोजी आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला होता, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. 2024 च्या मे अखेरीस शहरात 56 अंशांचा आकडा आला आणि नंतर हवामान खात्याने यंत्रातला बिघाड असल्याचे सांगितले, तेव्हा काही जणांना थोडे वाईटच वाटले असावे. पण पोखरणपासून फार लांब नसलेल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले होते, आणि तो आकडा खरा होता. तेव्हा अभिमान बाजूला ठेवून आम्ही तयारी केली. वीस लिटरचा जार, बाटल्या, पन्हे, ओले टॉवेल, आणि भावजयीच्या आईने प्रत्येकाच्या खिशात कोंबलेला एकेक कांदा.

बालरोगतज्ज्ञांनी बजावून सांगितलेल्या गोष्टी इथे लिहून ठेवतो. त्या प्रवचनात सांगायच्या नसतात असे कोणी म्हणेल, तर म्हणो. लहान मूल तहान लागल्याचे सांगत नाही. त्याला दर थोड्या वेळाने घोट घोट पाजावे लागते. बऱ्याच वेळात लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, मूल रडते आहे पण डोळ्यांतून पाणी येत नाही, असे दिसले की पुढचा प्रवास थांबवून डॉक्टर गाठायचा. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेसुद्धा एकटे ठेवायचे नाही. दहा मिनिटांत आतले तापमान दहा अंशांनी चढू शकते.

आमच्या पुतणीला यातले काहीही झाले नाही. ती सगळ्या वाटेत मजेत होती. आम्ही सांगणार आहोत ते दुसऱ्या एका मुलाबद्दल.

जोधपूरहून पहाटे निघायचे ठरले होते. निघायला साडेनऊ झाले. पोखरण मागे टाकले तेव्हा दुपार टळटळीत होती. दोन्ही बाजूंना पिवळट सपाटी, मधूनच खेजडीचे एखादे झाड, आणि समोर डांबरावर पाणी असल्यासारखा भास. जवळ गेले की ते पुढे सरकायचे. अशाच एका खेजडीखाली एक बाई उभी होती. तिच्या पायाशी सावलीत एक मूल बसले होते, आमच्या पुतणीएवढे किंवा थोडे लहान. बाईने प्लास्टिकचा रिकामा कॅन उलटा धरून आमच्याकडे हलवला. उलटा, म्हणजे आत काही नाही हे दिसावे म्हणून.

गाडी चालवणाऱ्याने वेग कमी केला. आणि आम्ही म्हणालो, "चल, थांबू नको. पोरगी झोपली आहे, एसी बंद झाला की उठेल." त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. मग आम्हीच पुढे जोडले की अशा आडरस्त्यावर थांबवून लुटतात म्हणे. हे कोणी, कुठे सांगितले होते, आठवत नाही. जारमध्ये निम्मे पाणी होते. सहा बाटल्या भरलेल्या होत्या.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या शेवटच्या वर्षी आम्ही लेव्हिनास या फ्रेंच ज्यू विचारवंतावर मोठा निबंध लिहिला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत काही वर्षे काढलेला हा माणूस. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आपण कोणताही सिद्धांत मांडण्याआधीच समोरच्याचा चेहरा आपल्याकडे काही मागत असतो, आणि माणूसपण तिथून सुरू होते. निबंधाला चांगले गुण मिळाले होते. त्या दुपारी तो चेहरा काचेपलीकडे होता आणि काचेवर आम्ही ऊन अडवायची जाळी लावली होती.

दहा-बारा मिनिटे गेली असतील. मागून आवाज आला, "फादरकाका, त्या बाळाचं पाणी काहून संपलं होतं?"

पोरगी झोपलेली नव्हती.

गाडीत कोणी बोलले नाही. भावजयीने तिला पाणी पाजायचा प्रयत्न केला तर तिने बाटली बाजूला सारली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग गाडी चालवणाऱ्याने कोणाला न विचारता गाडी वळवली.

तेरा किलोमीटर मागे आलो. झाड सापडले, बाई नव्हती. सावलीत बसल्याची खूण होती, एवढेच. आम्ही उतरून हाका मारल्या. त्या उघड्या रानात आपला आवाज फार लांब जात नाही हे तेव्हा कळले. दोन बाटल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या आणि परत फिरलो. त्या बाटल्यांचा कोणाला उपयोग झाला की त्या उन्हात तापून तशाच राहिल्या, देव जाणे.

पुढे लाठीजवळ एका चहाच्या टपरीवर थांबलो. पागोटे बांधलेल्या म्हाताऱ्याने आम्ही कोण, कुठले, काय घेणार हे विचारण्याआधी माठातले पाणी आणून पुढे ठेवले. त्याला हकीकत सांगितली. तो म्हणाला, रस्त्यापासून आत ढाण्या आहेत, कधी टँकर येत नाही, मग बाया रस्त्यावर येतात. ट्रकवाला, बसवाला कोणीतरी देतोच. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका, कोणीतरी दिलं असेल.

"कोणीतरी." हा शब्द आम्हाला वर्षभर बोचतो आहे.

जैसलमेरकडे वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे शंभराहून जास्त. तिथले लोक पिढ्यानपिढ्या घराजवळ टांका बांधतात, म्हणजे वरून झाकलेला गोल हौद. पावसाळ्यात अंगणावर पडलेले पाणी उताराने त्यात उतरते आणि वर्षभर मोजूनमापून वापरले जाते. आता कालव्याचे पाणीही पोहोचले आहे, पण सगळीकडे नाही. त्या म्हाताऱ्याने आम्हाला दिलेले पाणी जास्तीचे नव्हते. आमच्या जारमधले होते.

बायबलमध्ये वाळवंटातल्या आईची आणि मुलाची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या 21 व्या अध्यायात अब्राहाम पहाटे उठतो, दासी हागार हिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक देतो आणि मुलासह तिला घराबाहेर पाठवतो. अब्राहामाला आपण विश्वासाचा पिता म्हणतो, आणि म्हणावेच. त्याला वाईट वाटले होते, देवाने त्याला मुलाबद्दल आश्वासनही दिले होते, हे सगळे शास्त्रात आहे. तरीही, ज्याच्या दारी उंट होते त्याने एका बाईला एक मसक पाणी देऊन वाळवंटात पाठवावे, हे आम्हाला कधीच पचलेले नाही. (वयाचा हिशेब केला तर इश्माएल तेव्हा चांगला पंधरा-सोळा वर्षांचा भरतो, आणि गोष्टीत मात्र तो उचलून घ्यायच्या बाळासारखा आहे. दोन जुन्या परंपरा इथे एकत्र विणल्या गेल्या असे अभ्यासक म्हणतात. ज्यांना गणित सुटत नाही त्यांनी झोप घालवू नये.)

बैरशेब्याच्या रानात पाणी संपते. हागार मुलाला एका झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण मुलाचे मरण तिला पाहवणार नाही. ती मोठ्याने रडते. आणि इथे शास्त्र एक विलक्षण गोष्ट सांगते: रडली आई, पण देवाने ऐकला तो मुलाचा आवाज. इश्माएल या नावाचा अर्थच 'देव ऐकतो' असा आहे. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर तिथे आधीपासून होती. देवाने नवी खणली असे कुठेही लिहिलेले नाही.

आपले मुस्लिम शेजारी हजला जातात तेव्हा सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात, त्या याच आईच्या पाण्यासाठीच्या धावपळीच्या आठवणीत. एका टाकून दिलेल्या दासीची धावपळ राजे-महाराजांनाही करावी लागते, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

आधीपासून असलेल्या विहिरीचे आणखी एक उदाहरण देतो. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजायचे. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. हे डॉक्टर 2022 मध्ये वारले. मीठ आणि साखर कोणत्या घरात नव्हती? (पाकीट जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नये.)

पुनरुत्थान काळाच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी आपण प्रेषितांची कृत्ये ऐकतो, यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या निर्जन रस्त्याची गोष्ट. इथिओपियाचा अधिकारी रथात बसून वाचत चालला आहे आणि फिलिप त्याच्या रथाकडे धावत जातो. पूर्वी त्या वाचनावर आम्ही बाप्तिस्म्याबद्दल बोलत असू. आता 'धावत गेला' या शब्दांपाशीच अडखळतो.

आता आपल्या फाटकाबद्दल. दरवर्षी आपण पाणपोई लावतो, दोन रांजण, लाल कापड, डोलची. गेल्या वर्षी एप्रिल संपेपर्यंत ती नीट चालली. मग तक्रारी आल्या. लोक पाय धुतात, आवारात चिखल होतो, दारू प्यालेले येऊन बसतात. या तक्रारी खोट्या नव्हत्या. दुपारी एक वाजता फाटक बंद करावे असा ठराव झाला आणि त्यावर पहिली सही आमची आहे. जैसलमेरला निघण्याच्या आठवडाभर आधीची.

चर्चच्या मागे इमारतीचे काम चालू आहे हे आपण सगळे पाहतो. छत्तीसगडच्या, बालाघाटकडच्या बाया तिथे विटा वाहतात. सळ्यांना बांधलेल्या साडीच्या झोळीत त्यांची मुले असतात. त्यांना जेवणाची सुट्टी एक वाजता होते. आमच्या खोलीच्या खिडकीतून बंद फाटकाशी येऊन परत जाणारी माणसे दिसतात, म्हणजे ती गेल्या वर्षीही दिसतच असणार. नवतपा 25 मेपासून लागेल, पण ऊन त्याची वाट पाहत नाही.

धर्मग्राम परिषदेत बोलणे झाले आहे. फाटक या सोमवारपासून संध्याकाळी सहापर्यंत उघडे राहील. चिखल होईल. रांजण तीन राहतील, आणि ते सकाळी सात, दुपारी बारा व तीन वाजता भरावे लागतील. हे काम वॉचमनवर टाकायचे नाही. त्याला आधीच पुष्कळ कामे आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या सभासदांनी सोमवार आणि बुधवार घेतला आहे, युवकांनी शुक्रवार, सिस्टरांनी रविवार. गुरुवार आमच्याकडे आहे. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. नावे मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत द्यावीत.

आपला,
धर्मगुरू