नास्तिकाचं इंद्रधनुष्य

जलप्रलय ओसरल्यावर देवाने नोहाला शब्द दिला की पृथ्वी पुन्हा अशी बुडवणार नाही, आणि त्या शब्दाची खूण म्हणून ढगांत आपलं धनुष्य ठेवलं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली ही कथा. कर्मठ ज्यू घरात वाढलेल्या गीतकार यिप हार्बर्गच्या कानांवर ती लहानपणीच पडली असणार. पुढे त्याचा देवावरचा विश्वास उडाला, आणि तरीही हॉलिवूडमधलं सर्वांत प्रसिद्ध इंद्रधनुष्य त्याच्याच लेखणीतून उतरलं. देव मानत नाही, त्याने आशा कशाच्या भरवशावर धरायची? हार्बर्गची सगळी कारकीर्द या प्रश्नाशी झटत गेली.

त्याचा जन्म १८९६चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. आईवडील रशियातून आलेले, कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे. थोरला भाऊ मॅक्स भौतिकशास्त्रज्ञ झाला होता. घराची सारी मदार त्याच्यावर. तो ऐन तारुण्यात कर्करोगाने गेला. आईवडील धर्माला अधिकच बिलगले, यिप धर्मापासून कायमचा दुरावला.

१९२९च्या मंदीत त्याचा विजेच्या उपकरणांचा धंदा बुडाला. शाळासोबती असलेल्या गीतकार आयरा गर्श्विनच्या मदतीने तो गाण्यांकडे वळला. १९३२ साली जे गॉर्नीच्या चालीवर लिहिलेल्या ‘ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?’मध्ये रेल्वे बांधलेला, मनोरे उभारलेला, युद्धावर जाऊन आलेला माणूस रांगेत उभा राहून दहा सेंटचं नाणं मागतो. वरवर ही भीक आहे. नीट ऐकलं तर तो आपल्या श्रमांचा हिशेब मागतोय, आणि तो देवाकडे नाही, ‘भाऊ’ म्हणून शेजारच्या माणसाकडे. प्रार्थनेतली आर्तता हार्बर्गने जशीच्या तशी ठेवली. फक्त ती माणसांकडे वळवली.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटात तर हे अधिकच उघड दिसतं. एल. फ्रँक बॉमच्या मूळ कादंबरीत ते इंद्रधनुष्य नाही, आहे ते करड्या रंगाचं कॅन्सस. इंद्रधनुष्यापलीकडच्या जगाचं, नायिका डोरोथीचं गाणं हार्बर्गचं, चाल हॅरॉल्ड आर्लेनची. पहिल्याच शब्दात सूर थेट वरच्या सप्तकात झेप घेतो. शेतघराच्या अंगणातल्या लहान मुलीला एवढी भारदस्त चाल पेलणार नाही, असं सुरुवातीला हार्बर्गलाच वाटलं होतं. स्टुडिओतल्या वरिष्ठांनी तर हे गाणं काढूनच टाकायचं ठरवलं होतं. पुढे त्यालाच ऑस्कर मिळालं. नोहाला मिळालं ते वचन होतं. डोरोथीला कुणीच काही कबूल केलेलं नाही. तिचं गाणं संपतं तेही प्रश्नावर.

हार्बर्गने या चित्रपटाच्या पटकथेवरही हात फिरवला. डोरोथीचे सोबती बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह ज्याच्याकडे बुद्धी, हृदय आणि धैर्य मागायला निघालेले असतात, तो पडद्याआडचा सर्वशक्तिमान जादूगार साधा, घाबरलेला म्हातारा निघतो. कादंबरीत तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा आणि टाचण्यासुया भरतो, पत्र्याच्या माणसाला भुसा भरलेलं रेशमी हृदय देतो. चित्रपटात तो पदवीचा कागद, हृदयाच्या आकाराचं घड्याळ आणि सिंहाला शौर्यपदक देतो. या तिघांचे गुण आपण आधीच, अख्ख्या प्रवासभर पाहिलेले असतात. एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतानाच ते दिसले होते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. देव्हारा रिकामा निघाला तरी त्याच्याकडे नेणारी वाट वाया गेली नाही, एवढं मोठं विधान मुलांच्या चित्रपटात सहज येऊन गेलंय.

फ्रेड सेडीसोबत लिहिलेल्या ‘फिनियन्स रेनबो’ (१९४७) या संगीतिकेत एका वर्णद्वेषी सिनेटरची कातडी काळी होते आणि आपलेच कायदे त्याला स्वतः भोगावे लागतात. न्याय परलोकावर सोपवायला हार्बर्ग तयार नव्हता. याच वृत्तीपायी १९५०च्या दशकात हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं. त्या काळात ब्रॉडवेच्या रंगभूमीने त्याला सांभाळलं. १९६८मध्ये ‘फिनियन्स रेनबो’ पडद्यावर आलं तेव्हा पटकथेवर त्याचं आणि सेडीचं नाव होतं.

श्रद्धावान माणूस मात्र त्याला एका ठिकाणी नक्की अडवेल. भाकरी, वेतन, सन्मान हे माणसांकडे मागता येतं; ते माणसांनीच हिरावलेलं असतं. पण मॅक्सला कुणी हिरावलं नव्हतं. समाज कितीही न्यायी झाला तरी तरुण भावाच्या कर्करोगाला त्याच्याकडे उत्तर नाही. हा आक्षेप खरा आहे, हार्बर्गच्या गाण्यांनी तो सुटत नाही. मात्र तो बायबलमध्येही सुटलेला नाही. सत्शील असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाची मुलं का मेली, हे वावटळीतून बोलणारा देव त्याला अखेरपर्यंत सांगत नाही.