जवळ असणे

घरी बसून रोजी कमावणे ही आमच्या सावलीला नवी गोष्ट नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक या गावात भरली, गांधीजी स्वतः आले होते. आणि चरखा म्हणजे घरात बसून करायचेच काम. तिकडे कामठी-मालेगावच्या मोमीन घरांत हातमाग होता. विदर्भाच्या जंगलातला तेंदूपत्ता ज्या घरांत जाऊन बिडी होई, तिथे वळणाऱ्या हातांना १९६६ च्या कायद्याने कामगार मानले.

पण या कामांत म्हाताऱ्या माणसाला जागा होती. नजर अधू झाली, मागावर बसणे जमेना, की बाप कांड्या भरी, बिडीची बंडले बांधी, मुलाचा हात चुकला तर खेकसे. २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी परतलेल्या आम्हा मुलांच्या कामात अब्बांना भरायला कांडी नाही. त्यांना दिसतो तो कानाला यंत्र लावून भिंतीशी बोलणारा मुलगा. मग एका छपराखाली राहणे म्हणजे जवळ असणे का?

कायद्याला विचारून उपयोग नाही. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार मोजतो. चीनने २०१३ पासून दूरच्या मुलांनी आई-बापांना वरचेवर भेटावे असे कायद्यातच घातले. आमचा मुलगा तर दोन हातांवर बसलेला! त्याला कुठून कुठे पाठवणार?

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-बापांना ‘उफ्’ देखील म्हणू नये अशी ताकीद आहे, हे सर्वांना पाठ असते. मात्र तिथे म्हातारपण ‘तुझ्याजवळ’ आले तर, असे म्हटले आहे, तिकडे लक्ष कमी जाते. दूरच्या मुलावर उफ् म्हणायची पाळी क्वचितच येते. तो शब्द जवळच्यालाच सुचतो. मीटिंग ऐन रंगात असताना अब्बा तिसऱ्यांदा विचारतात, “बेटा, मोटर बंद किया क्या?” मुलगा बोलत नाही, नुसता तळहात वर करतो. हा तळहात उफ् आहे की नाही? आलिम काय म्हणायचे ते म्हणोत, आम्हाला तो उफ्‌च वाटतो.

यावर उत्तर तयार असते : हे काम त्यांच्याच औषधांसाठी चालले आहे. उत्तर खोटे नाही. पगार थांबला तर साखरेच्या गोळ्या थांबतील. पण याच न्यायाने नागपूर-पुण्याहून पैसे पाठवणारा मुलगाही तेवढीच खिदमत करतो. मग घरी असण्याचे वेगळे मोल काय राहिले?

जमातीत दुबळे, आजारी, म्हातारे असतात, म्हणून इमामाने नमाज लांबवू नये, ही पैगंबरांची शिकवण. अल्लाहपुढची नमाज म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडे पाहून आखडती घेता येते. कंपनीची मीटिंग का घेता येऊ नये, हे विचारायची सोय मात्र आजून कुठल्या कंपनीत झालेली ऐकिवात नाही.

तोवर काही घरांत खुर्ची आतल्या खोलीतून ओसरीवर आली आहे, अब्बांच्या खाटेशेजारी. ते रोवणीचे बोलतात, वाघ कुणाच्या बांधीत दिसला ते सांगतात, खोकतात. पलीकडे बंगळुरूच्या साहेबाला सगळे ऐकू जाते. जाऊ द्या.