ओढ आणि दडपण

घर सोडून दूर जाण्यास धैर्य लागते, हे सर्वांस मान्य आहे. दूर जाऊन यश मिळविणाऱ्या मुलांचे कौतुक प्रत्येक घरी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु मोठ्या ठिकाणी पोहोचल्यावर, सारे जग पाहत असता, ‘माझी जागा येथे नाही’ असे म्हणून घरी परतणे यास धैर्य म्हणावे की मनाची दुर्बलता म्हणावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार एका अमेरिकन खेळाडू मुलीच्या उदाहरणावरून करणार आहोत. आमचे वय उपदेश करण्याचे नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी या लेखास उपदेश न समजता, एका तरुणाने मांडलेला विचार समजावे.

या मुलीचे नाव एलेना डेल डॉन. अमेरिकेतील डेलावेअर नावाच्या चिमुकल्या राज्यात, विल्मिंग्टन शहरी, १९८९ साली तिचा जन्म झाला. उंची ६ फूट ५ इंच, आणि हात असा सधा की शालेय सामन्यांत तिने ओळीने ८० ‘फ्री थ्रो’, म्हणजे कोणी अडवीत नसता ठरावीक रेषेवरून टाकावयाच्या फेका, एकही न चुकता जाळ्यात टाकून राष्ट्रीय विक्रम केला. ती सातवीत असतानाच एका विद्यापीठाने तीस शिष्यवृत्ती देऊ केली होती. २००८ साली शाळा संपली तेव्हा देशातील शालेय खेळाडू मुलींत तिची गणना अग्रभागी होत होती.

तिने कनेक्टिकट विद्यापीठाची शिष्यवृत्ती स्वीकारली. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये या विद्यापीठाचा दरारा फार मोठा. जीनो ऑरिएमा या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने तोपर्यंत ५ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. जून २००८ मध्ये एलेना उन्हाळी वर्गासाठी तेथे दाखल झाली, आणि अवघ्या दोन दिवसांत, रात्रीच्या वेळी, तेथून निघून घरी आली. पुढे तिने घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या डेलावेअर विद्यापीठात नाव घातले. राष्ट्रीय पातळीवर त्याच्या संघाचे विशेष नाव नव्हते. शिवाय पहिल्या वर्षी तिने बास्केटबॉल अजिबात न खेळता व्हॉलीबॉलच्या संघात खेळणे पसंत केले. इकडे कनेक्टिकटच्या संघाने त्या वर्षी ३९ सामने खेळून ३९ जिंकले, आणि दुसऱ्या वर्षीही तसेच केले. आपण काय सोडून आलो याची आठवण तीस रोजच्या वर्तमानपत्रांतून होत असेल!

अशा निर्णयास कारण काय? घरी तिची वडील बहीण होती. ही बहीण जन्मतः अंध आणि बधिर आहे. त्यात सेरेब्रल पाल्सी हा मेंदूचा विकार आणि ऑटिझम यांची भर. आपण परगावी गेलेल्या मुलाशी फोनवर बोलतो, त्यास पत्र लिहितो, हल्ली तर पडद्यावर त्याचा चेहराही पाहतो. या बहिणीच्या बाबतीत यांपैकी एकही साधन उपयोगी पडत नाही. ती आपली माणसे ओळखते ती स्पर्शाने आणि गंधाने. तिच्याशी बोलावयाचे ते तिचा हात हाती घेऊन, खुणांनी. एलेना सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर गेली, तेव्हा इतरांच्या लेखी ती दूर गेली होती. बहिणीच्या लेखी ती नाहीशीच झाली होती. ‘थोड्या दिवसांनी येते’ एवढे सांगण्याचीही सोय दूर राहून नव्हती.

तथापि न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, घराची ओढ हे तिच्या परतण्याचे एकमेव कारण नव्हते. बालपणापासूनच्या अखंड सरावाने खेळाचाच वीट आला होता, हे तिने त्याच वर्षी मोकळेपणाने मान्य केले. यावरून कोणी म्हणेल की बहिणीचे निमित्त झाले, मूळ कारण कंटाळा. आम्हांस हा आक्षेप उथळ वाटतो. मनुष्याचा कोणताही मोठा निर्णय एकाच धाग्याचा विणलेला नसतो. थकलेल्या मनास घर आठवते, आणि घर आठवले म्हणजे थकवा अधिक जाणवतो. यांतील पहिले कोणते, हे त्या व्यक्तीसही सांगता येत नाही. कारणे मिसळलेली असली म्हणून ती खोटी ठरत नाहीत. ती लपविली असती तर मात्र दोष आला असता.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. तरुण मनुष्याच्या निर्णयावर कुटुंबाचा प्रभाव पडावा की पडू नये, असा वाद नेहमी घातला जातो. आमच्या मते वादाची ही मांडणीच सदोष आहे. प्रभाव पडणारच, ज्या घरात आपण वाढलो त्याचा प्रभाव पडला नाही तर ते घर कसले? खरा प्रश्न प्रभावाच्या जातीचा आहे. एक प्रभाव दडपणाचा, दुसरा ओढीचा. दडपणात मागणारा असतो: ‘तू गेलास तर आमचे कसे होईल?’, ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, आणि तू?’ ओढीत मागणारा कोणी नसतो. ज्याचे मन ओढले जाते तोच ती ओळखतो आणि तोच तिचे मोल देतो. एलेनाच्या उदाहरणात हा भेद लखलखीत दिसतो. जिच्यासाठी ती परतली तीस ‘ये’ असे म्हणता येत नव्हते, ‘जाऊ नकोस’ असेही म्हणता येत नव्हते. बहिणीस पुढे विजेतेपदे दिसणार नव्हती, टाळ्या ऐकू येणार नव्हत्या. एलेना जगातील श्रेष्ठ खेळाडू आहे की सामान्य विद्यार्थिनी, याचे तीस सोयरसुतक नव्हते. साऱ्या देशाने जिला खेळावरून ओळखले, तीस केवळ तिच्या हातावरून ओळखणारे असे एक माणूस घरात होते. त्या ओळखीची तहान लागणे यात दुर्बलता ती कोणती?

यावर एक गंभीर शंका येते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. एलेनास एक वडील भाऊही होता, आणि तो फुटबॉल खेळण्यासाठी दूरच्या विद्यापीठात गेला होता. मग मुलगा दूर गेला आणि मुलगी परतली, यात ‘घरचे काम मुलीचे’ हाच जुना न्याय नाही काय? ही शंका आम्ही मनापासून महत्त्वाची मानतो. कारण मुलीच्या प्रेमळपणाचा फायदा घेऊन तिच्या शिक्षणावर पाणी सोडावयास लावणे ही गोष्ट सर्वत्र घडत आली आहे. परंतु एलेना परतली म्हणून भावाने कर्तव्य चुकविले असे होत नाही, आणि भाऊ गेला म्हणून बहिणीवर ते लादले गेले असेही ठरत नाही. ओढीस नियम नसतो. ती सर्वांस सारखी लागू करता येत नाही. ज्या क्षणी घरातील वडील माणूस तिचा नियम करून ‘तुझी बहीण पाहा, ती कशी परतली’ असे भावास किंवा दुसऱ्या मुलीस ऐकवू लागेल, त्या क्षणी ओढीचे दडपण होईल.

पुढील हकीकतही सांगावयास हवी. वर्षभराच्या विश्रांतीनंतर, २००९ साली, एलेनास खेळाची गोडी पुन्हा लागली आणि ती डेलावेअरच्या संघातून उतरली. २०११-१२ च्या हंगामात प्रत्येक सामन्यास सरासरी २८ हून अधिक गुण मिळवून ती देशात पहिली आली. २०१३ साली तिने आपल्या अप्रसिद्ध विद्यापीठास राष्ट्रीय स्पर्धेतील शेवटच्या सोळा संघांत नेले, आणि विद्यापीठीय कारकीर्द ३,०३९ गुणांवर संपविली. त्याच वर्षी ती व्यावसायिक खेळाडू म्हणून शिकागोस गेली. म्हणजे घरापासून पुन्हा दूर, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी दूर! अठराव्या वर्षी जे तीस सोसवले नाही ते तेविसाव्या वर्षी सोसवले. २०१५ साली ती तेथील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरली, २०१६ साली तिने रिओ येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि २०१७ साली घराच्या अधिक जवळ म्हणून वॉशिंग्टनच्या संघात आली. त्या संघास २०१९ साली अजिंक्यपद मिळाले. २०२५ साली तिने खेळातून निवृत्ती जाहीर केली.

परंतु वाचकहो, या यशावरून तिचा निर्णय योग्य होता असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर अयश आले असते तेव्हा तोच निर्णय अयोग्य ठरला असता. समजा, ती पुन्हा बास्केटबॉल खेळलीच नसती, व्हॉलीबॉल खेळून पदवी घेऊन गावातच राहिली असती, तरीही जून २००८ मधील तिचे परतणे तितकेच खरे असते. निर्णयाची किंमत तो घेताना मन किती स्वच्छ होते यावर ठरते. पुढे पदके मिळाली ती निराळी गोष्ट. आणि तिच्या परतण्यात कोणाचेच काही गेले नाही असेही नव्हे. दिलेला शब्द मोडला गेला, तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या प्रशिक्षकाची निराशा झाली. हे मोल तिने जाणूनबुजून दिले, म्हणूनच त्या निर्णयास वजन आले.

हा विचार आजच अधिक निकडीचा का, तेही सांगतो. पूर्वी तेथे बास्केटबॉल खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्यास सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. २०२१ साली ही अट एका बदलापुरती उठली, आणि २०२४ साली, अभ्यासात उत्तीर्ण असल्यास, कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नावलौकिकावर पैसाही मिळविता येतो. आता दर वर्षी हजाराहून अधिक मुले विद्यापीठे बदलतात, आणि अशा वेळी घरातील मंडळी सल्ला देण्यास पुढे असतात. कोठे अधिक पैसा, कोठे अधिक खेळावयास मिळेल, कोठे आईस सामना पाहावयास जाता येईल, सर्व गणिते मांडली जातात. त्यांत पाप नाही. गरीब घरातील मुलाने घरच्यांचे कर्ज फिटावे म्हणून विद्यापीठ बदलले तर त्यास लोभी म्हणणारा स्वतः कधी कर्जात नसावा. मात्र ‘हे माझ्या भल्यासाठी की तुमच्या हौसेसाठी?’ असे मुलाने विचारले, तर उत्तर देताना आपली नजर खाली जात नाही ना, एवढे प्रत्येक पालकाने पाहावे.

शेवटी दोनच गोष्टी सांगून लेख संपवितो. तरुणांनी, घराची ओढ लागली म्हणून लाजू नये. पण आपणास न झेपणारे काम टाकताना घरच्यांच्या नावाआड लपूही नये. वडीलधाऱ्यांनी, मूल दूर जात असता त्यास मोकळ्या हाताने निरोप द्यावा, आणि ते अवेळी परत आले तर पहिल्या दिवशी कारण विचारू नये. आधी पान वाढावे. कारण ते स्वतःच सांगेल, किंवा एलेनाप्रमाणे त्याचे परतणेच ते सांगेल.