शांत वाणीची किंमत

शांत बोलण्याविषयी आमच्या घराघरांतून दोन परस्परविरुद्ध मते एकाच छपराखाली सुखाने नांदत असतात. मुलाने वाद घालताना आवाज चढविला, तर वडील त्यास ‘हळू बोल’ म्हणून दटावतात (हे दटावणे बहुधा मुलाच्या आवाजाहून वरच्या पट्टीत होते, ही गोष्ट निराळी). आणि तेच वडील रात्री पानावर बसले असता कचेरीतील एखाद्या सौम्य सहकाऱ्याची गोष्ट काढून ‘त्याच्यात काही दम नाही’ असा शेरा मारतात. मुलाने यातून काय समजावे? शांतपणा हा धाकट्यांनी थोरल्यांपुढे पाळावयाचा एक शिष्टाचार असून, मिशा फुटल्या की तो टाकून द्यावयाचा असतो, असेच तो समजणार. आणि आमचा अनुभव असा आहे की, बहुतेक जण तसेच समजतात.

शांतपणे व निःशंकपणे बोलता येणे हा स्वभाव आहे की कमाई आहे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. तो जर स्वभाव असेल, तर गोऱ्या रंगाप्रमाणे किंवा उंच बांध्याप्रमाणे तो ज्यास लाभला त्यास लाभला. त्याची स्तुती करण्यात अर्थ नाही आणि तो नसणाऱ्यास दोष देण्यातही नाही. उलट ती कमाई असेल, तर ती कशाच्या मोबदल्यात मिळते हे पाहिले पाहिजे. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. इतकेच नव्हे, तर पुष्कळांच्या बाबतीत ही किंमत एखाद्या जिव्हारी लागलेल्या अपमानाच्या रूपाने मोजावी लागते, असेही आम्हांस वाटते. असे वाटण्यास जे कारण घडले ते सांगण्यास थोडा संकोच होतो, तथापि सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत आम्ही उभे राहिलो, आणि पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या खर्चात खजिनदारांनी गोलमाल केला आहे, असे भर सभेत बोललो. आमचा आवाज चांगलाच चढला होता, आणि खरे सांगावयाचे तर तो चढल्याचे आम्हांस सुखही वाटत होते. आमचा आधार काय? दोन शेजाऱ्यांनी जिन्यात उभे राहून सांगितलेली हकीकत. खजिनदार हे निवृत्त शिक्षक. त्यांनी चश्मा पुसला आणि ‘आपण पावत्या पाहिल्या आहेत काय?’ एवढेच विचारले. आम्ही त्या दोन शेजाऱ्यांकडे पाहिले. एक आपल्या चपलांकडे पाहत होता. दुसरा पाणी पिण्याच्या निमित्ताने उठला होता. पावत्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिल्या. त्या पैशापैशास जुळत होत्या.

त्या रात्री झोप आली नाही, हे सांगावयास नको. परंतु त्या निद्रानाशात वारंवार आठवण झाली ती एका फार मोठ्या पुरुषाच्या चरित्रातील प्रसंगाची. आमच्या क्षुद्र प्रसंगाची तुलना त्याच्याशी करण्याचे धाडस आम्ही करीत नाही; पण जखमेची जात एकच होती.

गोपाळ कृष्ण गोखले हे १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या वयास एकतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या त्या कमिशनपुढे त्यांची उलटतपासणी झाली. समोर मुरलेले अधिकारी, विषय जमाखर्चाचा, भाषा परकी. आणि तरीही हा फर्ग्युसन कॉलेजातील तरुण प्राध्यापक डगमगला नाही. याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. गोखल्यांचा स्वभाव हळवा होता, लोकांचा शब्द त्यांच्या मनास फार लागत असे, हे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. कारण निराळेच होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी कित्येक वर्षे सरकारी अहवाल व आकडे घासले होते. जो आकडा ते कमिशनपुढे बोलत, तो त्यांनी स्वतः काढलेला व तपासलेला असे. आपल्या पायाखाली दगड आहे की वाळू, हे ज्यास ठाऊक असते त्यास ओरडावे लागत नाही.

परंतु याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरोघर तपासणीसाठी गोरे शिपाई शिरत होते, आणि लोकांचा संताप शिगेस पोहोचला होता. २२ जून रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडण्यात आली. पुण्याच्या मित्रांकडून गोखल्यांस पत्रे जात होती. त्यांत शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा अत्यंत गंभीर मजकूर होता. गोखल्यांनी तो विश्वासाने मँचेस्टर गार्डियन पत्राच्या द्वारे विलायतेतील लोकांपुढे मांडला. मोठी खळबळ उडाली. मुंबई सरकारने इन्कार केला. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईस उतरले, तो टिळकांस नुकतीच अटक झालेली, धरपकडीचे भय सर्वत्र पसरलेले. आणि पत्रे लिहिणारे मित्र पुढे येऊन पुरावा देण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. त्यांनी आपले विधान मागे घेतले, आणि गव्हर्नरांची व शिपायांचीही जाहीर माफी मागितली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. एकच मनुष्य, एकच शहर, आणि मध्ये अवघ्या तीन महिन्यांचे अंतर. एप्रिलात जो वक्ता अभेद्य होता, तो जुलैत उघडा पडला. त्याचे धैर्य कमी झाले होते काय? मुळीच नाही; उलट दुसऱ्या प्रसंगी अधिकच धैर्य लागले असेल. भेद इतकाच की, एप्रिलात त्यांचा विश्वास आपण तपासलेल्या वस्तूवर होता, आणि जुलैत तो आपल्या मित्रांवर होता. मित्रांवरील विश्वास हा एरवी केवढा मोठा गुण! पण तो उसना आत्मविश्वास असतो. आणि उसन्या वस्तूप्रमाणे तो नेमका हवा त्या क्षणी धनी परत मागतो.

त्या माफीविषयी आजही दोन मते आहेत. प्लेगच्या बंदोबस्तात जुलूम झाला नाही, असे त्या माफीने सिद्ध झाले नाही. लोकांनी सोसले ते सोसलेच. सिद्ध करता आला नाही तो एक विशिष्ट आरोप. तेव्हा तो मागे घेणे हे कर्तव्यच होते, आणि जे ते भ्याडपणाचे समजतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. परंतु आरोप मागे घेणे ही एक गोष्ट, आणि जिच्यात कसलीही मर्यादा राखलेली नाही अशी माफी लिहिणे ही दुसरी. तेवढी सपाट माफी आवश्यक होती, असे आम्हांस वाटत नाही. घाईने आरोप करणारा मनुष्य माफीही घाईनेच मागतो. दोन्ही वेळी मनाचा तोल एकाच बाजूला गेलेला असतो. (आम्हीही खजिनदारांची माफी मागताना इतके शब्द वापरले की ते बिचारे अवघडून गेले.)

पुढे काय झाले, हा या कथेतील खरा भाग आहे. त्याच वर्षी अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेत त्यांच्याविषयीची नाराजी उघड दिसून आली. सार्वजनिक आयुष्य संपले असे समजून घरी बसण्यास इतके कारण पुष्कळांस पुरले असते. गोखले प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून शिरले. आम्हांस यात फार मोठे शहाणपण दिसते. ज्या विषयावर आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून बोललो, त्या विषयाकडे ते स्वतःच्या पायांनी चालत गेले.

आणि मग २६ मार्च १९०२ चा दिवस येतो. कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा चालली होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. तिजोरीत मोठी शिल्लक पडली होती, आणि अशा प्रसंगी सभासदांनी सरकारचे अभिनंदन करावे हा शिरस्ता. गोखल्यांनी आपणास अभिनंदनात सामील होता येत नाही, असे सांगून आरंभ केला. त्यांचा मुद्दा असा होता : विलायतेस दरसाल भरावयाची रक्कम पौंडांत द्यावी लागते. रुपया घसरत चालला तेव्हा ती भरून काढण्यासाठी जनतेवर जादा कर बसले. पुढे १८९३ साली टाकसाळी बंद केल्यामुळे रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने वर चढला व सोळा पेन्सांवर स्थिर झाला. म्हणजे तीच रक्कम भरण्यास आता कमी रुपये लागू लागले. पण कर मात्र होते तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून, दोन भीषण दुष्काळांतून नुकत्याच निघालेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची ती रास आहे. सर्व आकडे सरकारचेच. आवाज चढविण्याची जागा भाषणात कोठेही नव्हती, आणि उत्तर देण्याची जागा तर त्याहून थोडी होती. १९०३ साली मिठावरील कर मणास अडीच रुपयांवरून दोनांवर आला, १९०५ साली दीडावर, आणि १९०७ साली एकावर. हे सर्व एका भाषणाने झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु त्या भाषणाचा यात काहीच वाटा नव्हता, असेही कोणी म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, हा मवाळांचा गुण झाला. जहालांस तो लागू नाही. तसे नाही. १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण स्वतः केले. ते सहा दिवस चालले, एकंदर एकवीस तासांहून अधिक. राजद्रोहाचा आरोप डोक्यावर असताना त्यांनी कायद्याचे शब्द आणि मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरातील चुका ज्युरीस एकेक करून समजावून दिल्या. ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांस दोषी ठरविले. सहा वर्षांची शिक्षा झाली व मंडाले नशिबी आले. शांत बोलण्याने कार्य साधतेच, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. पण त्या भाषणाचा विसर पडला नाही.

यावर एक आक्षेप असा आहे की, त्याचे उत्तर आम्हांस सहज देता येत नाही. ‘शांतपणे बोला’ असे सांगणारा नेहमी कोण असतो? बहुधा ज्याच्या हाती सत्ता आहे तो. घरात सून काही गाऱ्हाणे सांगू लागली की तिच्या गाऱ्हाण्याचा विचार होण्याआधी तिच्या आवाजाचा विचार होतो. ती हळू बोलली तर कोणास ऐकू जात नाही, आणि मोठ्याने बोलली तर ती उद्धट ठरते. ज्याचे घर जळत आहे त्यास सभ्य स्वरात हाक मार असे सांगणे, हा आग लावण्याच्या खालोखालचा अपराध आहे. पुण्यात ज्यांच्या घरांत शिपाई शिरले त्यांच्याकडून शांत वाणीची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणासही नव्हता.

मग शांतपणाचे ओझे कोणावर टाकावे? आम्हांस असे वाटते की, ते दुःख सोसणाऱ्यावर नसून त्याच्या वतीने बोलणाऱ्यावर आहे. आईने टाहो फोडावा. पण डॉक्टराने फोडू नये. अशिलाने रडावे, वकिलाने रडू नये. जो दुसऱ्याचे गाऱ्हाणे वेशीपर्यंत नेतो, त्याने ते वाटेत सांडता कामा नये. स्वतःच्या दुःखासाठी बोलणारा चुकला तर तोच हसे करून घेतो. दुसऱ्यासाठी बोलणारा चुकला तर ज्याचे दुःख खरे होते त्याच्याही तोंडाला कुलूप बसते. १८९७ च्या त्या माफीनंतर पुण्यातील किती खऱ्या तक्रारी गिळल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडावयाचा नाही. आमच्या टाकीच्या प्रकरणानंतर मात्र त्या सभेत दोन-तीन वर्षे हिशेबाविषयी कोणीच तोंड उघडले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तो दोष आमचा होता.

म्हणूनच आता दरसाल सभेच्या आधी एका रविवारी आम्ही खजिनदारांकडे जातो. चहा होतो. ते पावत्यांची फाईल पुढे सरकवतात, आणि आम्ही एकेक पावती वहीशी ताडून पाहतो. गेल्या वर्षी विजेच्या देयकाची एक रक्कम दोन ठिकाणी लिहिलेली आढळली. आम्ही त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी चश्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि ‘बरे झाले, सभेआधी सापडले’ असे म्हणून लाल शाई शोधू लागले.