मनुष्यदेहाचे मूळ आणि ब्रह्मविद्येचा सिद्धांत

लोणारच्या सरोवराविषयी पुराणे लवणासुराच्या वधाची कथा सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात की, आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने तेथील काळ्या कातळात तो खळगा पडला. आणि तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. महानुभाव यात्रिक लोणारी जातो तो या दोहोंपैकी एकाही कारणाने नव्हे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे तेथे वास्तव्य झाले, म्हणून ती भूमी त्याला वंद्य. अशनीचा वृत्तांत कळल्याने त्याच्या दंडवतात काही उणे येत नाही. स्थानाची थोरवी संबंधाने असते, पाषाणाच्या उत्पत्तीने नव्हे.

मनुष्यदेहाचा प्रश्न आला की मात्र हा विवेक सुटतो. उपदेशी घराण्यातील मुलगा महाविद्यालयात डार्विनचा सिद्धांत शिकतो. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने प्राणिजाती एकमेकींपासून क्रमाने उपजल्याचे प्रतिपादिले आणि १८७१ साली मनुष्यालाही त्याच क्रमात बसविले. सायंकाळी तोच मुलगा आश्रमात सृष्टिरचनेचे निरूपण ऐकतो. दोन्हीकडे मान डोलावतो, आणि दोन्हीकडे मनाने अर्धाच राहतो. असे अर्धे राहिलेले मन पुढे स्मरणालाही बसत नाही.

त्याचे समाधान करावे म्हणून काही जण दशावताराचा दाखला देतात : आधी मत्स्य, मग कूर्म, वराह, नरसिंह, आणि शेवटी मनुष्य, म्हणजे उत्क्रांती आपल्याकडे आधीच सांगितलेली होती! बंगालमधील केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली असा विचार मांडला होता. पण महानुभावाने हा आधार घेणे म्हणजे स्वतःचे शास्त्र विसरणे होय. विष्णू ही देवता. तिचे अवतार हे परमेश्वरावतार नव्हेत. उसन्या दागिन्याने घरच्या सोन्याची पारख होत नाही.

घरचे शास्त्र काय सांगते? जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व नित्य आहेत. प्रपंच कारणरूपाने नित्य, कार्यरूपाने अनित्य. देह हा कार्यप्रपंचातला. घडणारा, पालटणारा, मोडणारा. जीवशास्त्र ज्याची वंशावळ लावते तो हाच देह. अस्थी, दात, रक्त यांची परीक्षा करून त्याने एका देहाचे दुसऱ्याशी नाते दाखविले, तर ब्रह्मविद्येला भिण्याचे कारण नाही. जीव मात्र देहापासून उपजत नाही. चेतना ही केवळ जड द्रव्याची निष्पत्ती आहे असे जो म्हणेल, त्याच्याशी मतभेद राहणारच. तो लपवू नये.

येथे आणखी एक घोटाळा होतो. जीवाचा योनिफेरा आणि प्राणिजातींची उत्क्रांती एकच, असे निरूपणात सर्रास सांगितले जाते. योनिफेरा एका जीवाचा, कर्मानुसार, आणि तो मनुष्यापासून खालीही नेतो. उत्क्रांती देहांच्या पिढ्यांची. तीत पाप नाही, पुण्य नाही.

काळाच्या लांबीचेही भय नको. आयर्लंडमधील आर्चबिशप अशर यांनी १६५० साली जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरविला होता. अशा गणिताला पृथ्वीची सुमारे ४५४ कोटी वर्षे जड जातात. सृष्टी आणि संहार अनंत वेळा मानणाऱ्याला ती जड का जावीत?

खरी गाठ पुढे आहे. परमेश्वराच्या प्रवृत्तीने माया सृष्टी रचते आणि ती रचना जीवाच्या उद्धरणासाठी असते, असे शास्त्र म्हणते. नैसर्गिक निवडीत असा हेतू कोठे दिसत नाही. जे तगले ते तगले. पण माती तपासून घट कसा घडला ते कळेल. त्यातले पाणी कोणत्या तान्हेल्यासाठी भरले ते मातीत सापडणार नाही. हे उत्तर शास्त्र मानणाऱ्यापुरते आहे. दुसऱ्याला त्याने जिंकता येणार नाही, आणि निरूपणकाराने तसा आवही आणू नये. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला नास्तिक म्हणून गप्प बसविण्यापेक्षा त्याच्यापुढे सृष्टिप्रकरण उघडावे आणि त्याचे जीवशास्त्राचे पुस्तकही शेजारी ठेवू द्यावे.