अजून एक वर्ष



२८ मार्च २००० रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराला टोर्नेडोने झोडपले. बँक वन टॉवर या उंच इमारतीच्या काचा फुटल्या. सांगाडा शाबूत राहिला. खिडक्यांना प्लायवूड ठोकून ती तशीच पडून होती. पाडण्याचा विचार झाला, पण आतल्या ॲस्बेस्टॉसमुळे पाडणेच महाग! अखेर दुरुस्ती होऊन २००५ पर्यंत तिथे राहती घरे झाली.

इमारतीला खर्चाने वाचवले. आजच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाला माळ्याने. तो वर्षभराची मुदत मागतो, आणि आळे खणून खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. नुसती मुदत काय, कोणीही मागेल.

ज्या भावाशी आपला वर्षानुवर्षे अबोला आहे, त्याच्यासाठी या प्रायश्चित्तकाळात कुदळ कोण उचलणार?