अनोळखी माणसाची मिस्सा



ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याच्या स्मरणमिस्सेला बसणे योग्य, की ते ढोंग? मुरबाडकडच्या पाड्यावर हा प्रश्न कोणी विचारणार नाही. मयत झाले की हातातले काम टाकून माणसे निघतात; मेलेल्याशी बोलणे होते की नव्हते, हे कोणी पाहत नाही. शहरात मात्र अनोळखी माणूस दिसला की नजरा वळतात.

पावसाळ्याआधी आम्ही काही जण आसनगावहून लोकलने मुंबईच्या जुन्या इमारती पाहायला गेलो होतो. एका चर्चमध्ये शिरलो तर महिन्याची मिस्सा चालू होती. शेवटच्या बाकावरील आजींनी हळूच विचारले, "त्याच्या ऑफिसातले का?" नाही म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा दिली. आम्ही शेवटपर्यंत बसलो. आम्हाला शोक झाला असे म्हणणे खोटे ठरेल. पण ढोंग म्हणजे नसलेले दुःख दाखवणे. साक्षीला बसण्यासाठी दुःख लागत नाही. संत थॉमस अक्वायनस मृतांना मूठमाती देण्याला दयेच्या कृत्यांत गणतात. मृतदेहाला त्याचे काही जाणवत नाही हे त्यांना मान्य आहे. परंतु माणूस इतरांच्या स्मरणातही जगतो, असे ते सांगतात.

मग हे स्मरण कोणाच्या वाट्याला येते? फोर्टातील सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उघडले. आत संगमरवरी स्मृतिफलक आहेत, कोरीवकाम सुरेख (जरूर पाहा!). आपल्या कसारा घाटातून रेल्वे १८६५ साली धावली. तो डोंगर फोडणाऱ्या मजुरांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?

एवढे मागे जायलाही नको. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री आपल्याच शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि वीस जण गेले. बरेच जण परराज्यांतून पोटासाठी आलेले. जून २०२५ मध्ये महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला. आता आपण त्या रस्त्याने जातो.

त्यांच्यात ख्रिस्ती किती होते, असे एकाने विचारले. शोमरोनी माणसाने जखमीला तसे काही विचारले नव्हते.

येत्या ३१ जुलैच्या सायंकाळच्या मिस्सेत वृत्तपत्रांत आलेली त्यांची नावे मोठ्याने वाचली जातील. काही नावांचे उच्चार आपल्या जिभेला सवयीचे नाहीत. वाचणाऱ्या तरुणांनी आधी दोन दिवस येऊन सराव करावा.